पोपटाला पाय किती?

माणसाच्या तोंडावर डोळ्यांखेरीज आणखीही काही असतं, ही बातमी माझ्या बायकोच्या थोरल्या मामांपर्यंत उभ्या आयुष्यात पोचली नाही. नाक, कान, मिशा, रंग, रूप यांच्याकडं त्यांचं लक्षच जात नसे. एखाद्याची ओळख सांगायची झाली तर ते म्हणत, "त्यो न्हाई का, उजव्यात अधू असल्याला, डावा सारखा पुसत असतोय?" मग मामी आतून, "आवं, त्येला नाव हाय की," असं म्हणून नाव सांगत. भाच्यांपैकी कोण काय शिकलं, कुणाला कुठं नोकरी लागली, याचा मामांच्या डोक्यात कायम गोंधळ. पण कुणाला चष्म्याचा नंबर किती आणि कुणाला लहानपणी रांजणवाडी कुठल्या पापणीला झाली होती, हे बिनचूक. मला ते लग्नापासून 'चौथ्या ओळीतला जावई' म्हणत. हे काहीतरी मानाचं असावं अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

मामा पलूसचे. थोडा ऊस, दोन म्हशी आणि भावांपैकी एकजण फौजेत, अशी त्या घराची रीत होती. त्याप्रमाणं मामा फौजेत गेले. त्यांच्या बरोबरीचे लोक रजेवर आले की बर्फाच्या आणि तोफांच्या गोष्टी सांगत. मामांपाशी तसलं काही नव्हतं. फौजेनं त्यांना भरतीच्या ठिकाणी, डोळे तपासायच्या खोलीत, भिंतीवरच्या तक्त्याशेजारी उभं केलं आणि हातात छडी दिली. साहेबानं खूण केली की अक्षरावर छडी ठेवायची, समोरच्या पोरानं ते वाचलं की पुढच्या अक्षरावर सरकायचं. नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी या सरकण्यात घालवली. डोळ्यांच्या विद्येशी त्यांचा संबंध एवढाच. पण पेन्शन घेऊन गावी आले ते स्वतःला अर्धा डॉक्टर समजत आले. उरलेला अर्धा कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

फौजेतला तक्ता उचलून आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी पलूसमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या बाळू पेंटरला गाठलं आणि पत्र्यावर तक्ता रंगवायला सांगितला. वर एक मोठं अक्षर, खाली दोन, मग तीन, मग चार, उतरत्या आकाराची. बाळू हा कलावंत माणूस. पांढऱ्या पत्र्यावर नुसती काळी अक्षरं काढायची हे त्याच्या मनाला पटेना. मामा शेजारी ठाण मांडून बसले म्हणून अक्षरांना लाल सावली आली नाही. पण ते चहाला उठले तेवढ्यात त्यानं वरच्या कोपऱ्यात डाळिंबाच्या फांदीवर बसलेला हिरवा पोपट काढलाच. आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर लिहितात तसं 'पेंटर बाळू, पलूस' लिहून मोकळा झाला. मामा आधी खवळले. मग चार पावलं मागं सरून त्यांनी डोळे बारीक केले, आणि ही ओळ तर फारच कामाची आहे असं त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती तक्त्याची अधिकृत शेवटची ओळ झाली. जो 'पेंटर बाळू, पलूस' वाचील, त्याची नजर फौजी.

हा तक्ता मामांच्या घराच्या पुढच्या सोप्यात दारासमोरच्या भिंतीवर टांगलेला असे. सोप्याच्या दुसऱ्या टोकाला फरशीवर गेरूनं एक रेघ ओढलेली. घरात येणाऱ्यानं चपला काढायच्या, पाय धुवायचे आणि त्या रेघेवर उभं राहायचं. तक्ता वाचल्याशिवाय चहा नाही. एक डोळा झाकायला मामा स्वयंपाकघरातली पळी आणत. ती पळी बहुधा त्या वेळी आमटीत असे. त्यामुळं पलूसहून आलेल्या आमच्या प्रत्येक नातेवाइकाच्या एका डोळ्याला कांदा-लसणाच्या चटणीचा वास येई आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागे, आणि मामा ते पाणी रोगाचं लक्षण म्हणून धरत.

लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्या घरी जेवायला गेलो तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नवा सफारी घालून गेलो होतो. मामांनी मला रेघेवर उभं केलं, हातात पळी दिली आणि स्वतः छडी घेऊन तक्त्याशेजारी खडे राहिले. "चालू करा, पावणं." घरातल्या सगळ्या बायका स्वयंपाकघराच्या दारात गोळा झालेल्या, त्यांच्यात माझी होणारी बायकोही. मी 'ग' वाचला. 'म ट' वाचलं. 'र ल क' सुद्धा वाचलं. चौथ्या ओळीला माझी गाडी 'ब'वर थांबली ती थांबलीच. पुढच्या 'ध'ला मी 'घ' म्हणालो, मग 'छ' म्हणालो, मग आणखी काय काय म्हणालो. मामी आतून म्हणाल्या, "आवं, जावई हाय त्यो. भरतीला आल्यावानी काय उभा केलाय त्येला." मामांनी छडी खाली घेतली आणि माझ्या सासूबाईंना सगळ्यांच्या देखत सांगितलं, की माणूस बरा आहे, लग्न करायला हरकत नाही, फक्त त्याच्या हातात मोटारसायकल देऊ नका. हुंड्यात मोटारसायकल मागायचं आमच्या वडिलांच्या फार मनात होतं. ते तिथंच मिटलं. त्यानंतर मी चष्मा केला, आणि बायकोचा चेहरा मला स्पष्ट दिसला तो लग्नानंतर. पण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि असली तरी ती मी इथं लिहिणार नाही.

मामांच्या लेखी जगातल्या निम्म्या अडचणी डोळ्यांमुळं होत्या आणि उरलेल्या निम्म्या काजळामुळं. काजळाशी त्यांचं हाडवैर. गावात कुणाच्या घरी पाळणा हलला की मामा ओला फडका घेऊन बाळ बघायला जात, त्यामुळं आज्या त्यांना लांबून बघूनच बाळ पदराखाली घेत. डोळ्यांत मध घालणारी, कांद्याचा रस पिळणारी, दूध सोडणारी मंडळी त्यांना दिसली की ते तिथंच रस्त्यात व्याख्यान देत. उसाच्या पाल्यानं डोळा जातो, म्हणून तोडणीच्या दिवसांत ते मोटारसायकलवाल्यांचा काळा गॉगल घालून फडात शिरत. त्या अवतारात त्यांना पहिल्यांदा पाहून तोडकऱ्यांच्या दोन बायका कोयते टाकून पळाल्या होत्या. बाजारात म्हैस घ्यायला गेले तर दूध, दात, शिंगं बाजूला ठेवून ते तिच्या डोळ्यांसमोर पटक्याचा शेव हलवत बसत. "जनावराला अक्षरवळख न्हाई, न्हाईतर पत्राच आनला आसता," असं ते विकणाऱ्याला सांगत, आणि तसा तो खरंच त्यांनी आणला असता. उंब्रजला एका भाचीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा पत्रा चादरीत गुंडाळून त्यांनी बरोबर नेलाच होता. मुलानं सगळ्या ओळी वाचल्या. मग त्याच्या वडिलांना वाटलं आपणही बघावं, मग चुलत्यांना, मग शेजाऱ्यांना. संध्याकाळपर्यंत रांग लागली, पोहे थंड झाले, आणि देण्याघेण्याचं बोलायचं राहूनच गेलं म्हणून सगळ्यांना पुन्हा एकदा उंब्रजला जावं लागलं. आणि एकदा आम्ही त्यांना महाबळेश्वर दाखवायला नेलं होतं. पॉईंटवर उभे राहिलो तर समोर दाट धुकं. मामांनी सगळ्या कुटुंबाला कठड्याशी ओळीनं उभं केलं आणि पलीकडच्या डोंगरावर काय दिसतंय असं एकेकाला विचारलं. कुणालाच काही दिसेना. परतीच्या टॅक्सीत सबंध घराण्याचे डोळे एकाच दिवशी गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, आणि आम्ही नेतही होतो. पण एकदा जेवणानंतर मामा अंगणात सुपारी कातरत बसले असताना मी सहज विचारलं, की मामा, तुम्हाला हे डोळ्यांचं वेड लागलं कसं. ते कातरायचे थांबले. म्हणाले, "पावणं, आपल्याकडची पोरं यायची भरतीला. छाती अशी, पळायला घोडं. आन तिसऱ्या वळीला अडकायची. घरनं फेटा बांधून निघाल्याली पोरं, दारातनंच माघारी. एकजण मला म्हनला, मामा, छडीच मला दिसंना, अक्षर कुठनं दिसंल. इचारलं, शाळा किती? तर म्हनला, दुसरीतनं काढला, मास्तर म्हनले ह्येच्या डोक्यात काय शिरत न्हाई." एवढं सांगून ते परत सुपारी कातरू लागले, आणि अडकित्त्याकडं बघतच बोलले. "वीस वर्साचं झालं पोरगं. तवर त्येला कुनी इचारलंच न्हाई, की बाबा, तुला दिसतंय का."

आमची मुलगी मनीषा, म्हणजे मनू, ही मामांची सगळ्यात लाडकी. ती चार वर्षांची असल्यापासून त्या रेघेवर उभी राहत आलेली. तळव्यानं एक डोळा झाकायची आणि धाडधाड सुटायची. ग, मट, रलक, बधनस, पेंटर बाळू, पलूस. छडी मागं राहायची, मनू पुढं जायची. मामा कृतकृत्य होऊन सगळ्यांकडं बघत. "फौजी नजर हाय," म्हणत. "बापावर न्हाई गेली, येवढं देवानं बरं केलं." मी तिथंच चहा पीत बसलेला असे.

साताऱ्यात, आमच्या घरी, मात्र मनूचं काही ठीक चाललं नव्हतं. ती चौथीत होती आणि चौथीतच राहील असा रंग दिसत होता. तोंडी परीक्षेत तिला तोड नव्हती. तीसपर्यंतचे पाढे, कविता, रेडिओवरच्या जाहिराती, शेजारच्या काकूंची भांडणं, जे कानावर पडेल ते तिला पाठ. पण फळ्यावर अडतीस असले की हिच्या वहीत अठ्ठ्याऐंशी. नकाशात कृष्णा नदी कोकणात. बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की मुलगी ढ नाही, पण तिचं लक्ष नसतं, खिडकीबाहेर बघत बसते. यंदा चौथीतच राहू दिलं तर पाया पक्का होईल. मनू वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. बाईंचं बोलणं ऐकून ती आमच्याबरोबर घरी आली. दारात आल्यावर तिनं आईला विचारलं, "मग माझ्या मैत्रिणी पाचवीत जाणार आणि मी लहान मुलींत बसणार?"

आम्ही उपाय सुरू केले. डोक्याला ब्राह्मीचं तेल, सकाळी भिजवलेले बदाम, आणि संध्याकाळी माझी शिकवणी. मी सरकारी कचेरीतला कारकून. मला स्वतःला भागाकार फारसा कधी जमला नव्हता, पण मुलीवर ओरडण्यापुरता येत होता. बदाम तिच्याऐवजी बहुतेक मीच खात असे. बायकोनं एकदा विचारलं, की डोळे तर दाखवायचे नाहीत ना? मी हसलो. म्हणालो, "अगं, ती बाळू पेंटरपर्यंत वाचते. चौथ्या ओळीतल्या माणसानं तिला डॉक्टरकडं न्यायचं म्हणजे मामांचा अपमान आहे." तिलाही ते पटलं. ज्या घराण्यात पाव्हण्याला चहाआधी डोळे तपासून घ्यावे लागतात, त्या घराण्यातल्या पोरीचे डोळे बिघडतील कसे?

त्या दिवाळीत आम्ही पलूसला गेलो. कराडला गाडी बदलून, धक्के खात दुपारी पोचलो. धाकट्या मुलाचं लग्न काढलेलं, म्हणून मामांनी घर रंगवायला काढलं होतं. सोप्याला नुकताच चुना दिलेला, सामान सगळं अंगणात. मामी आम्हाला बघून म्हणाल्या, की आज तरी बिचाऱ्यांना आधी चहा घेऊ द्या. पण मामांची सवय कुठली जायला. ते "लायनीवर, लायनीवर" म्हणत पळी आणायला आत गेले. आणि मनू तिच्या सवयीनं धावत जाऊन रेघेवर उभी राहिली, तळव्यानं डोळा झाकला आणि सुरू झाली. ग. म ट. र ल क.

तो आवाज आमच्या कानांना इतका सरावाचा होता, की कुणाला काही वाटलंच नाही. मी चपला काढत होतो. बायको पिशवीतून चिवडा काढत होती. मनू 'बधनस'ला पोचली तेव्हा मामींचा हात डोक्यावरच्या पदराशी थांबला आणि त्या हळूच म्हणाल्या, "आवं, पत्रा तर गोठ्यात हाय."

सगळ्यांनी समोर बघितलं. समोर पांढरी स्वच्छ भिंत होती. खिळासुद्धा काढलेला.

"पेंटर बाळू, पलूस," असं म्हणून मनूनं डोळ्यावरचा तळवा काढला आणि शाबासकीसाठी मागं बघितलं.

मामा दारात उभे होते. पळीतली आमटी थेंब थेंब फरशीवर गळत होती. ते आले आणि त्या रेघेवर तिच्याशेजारी मांडी घालून बसले. मी त्यांना त्या रेघेवर बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मने, भिताडावर काय हाय गं?"

"तक्ता."

"कसा हाय?"

"पांढरा. नेहमीसारखा."

"आन त्येच्यावरचा पोपट?"

"कुठला पोपट?" मनूनं विचारलं.

पोपट कुणी कधी मोठ्यानं वाचत नव्हतं, त्यामुळं तो तिला पाठ नव्हता. आजवर त्या घरात आलेला प्रत्येक पाहुणा तक्ता खणखणीत आवाजात वाचत गेला होता आणि ही कोपऱ्यात बसून ऐकत होती. मामा उठले. त्यांनी पळी मामींच्या हातात दिली, जेवायला बसले नाहीत, आणि अंगणात काढून ठेवलेल्या सामानात उलट्या खाटेवर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. दिवेलागणीला मामी त्यांच्यापाशी जाऊन म्हणाल्या, की पोरीच्या जातीला चष्मा लागला तर लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, जरा इचार करा. मामा एवढंच म्हणाले, "लोकांचं मागनं बघू. आधी तिला फळा दिसू द्या."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आम्हाला मिरजेच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी मनूच्या नाकावर जड चौकट ठेवून एकापुढं एक भिंगं बदलली, बराच वेळ बदलत राहिले, आणि शेवटी आमच्याकडं वळून विचारलं, की शेवटच्या बाकावरून हिला फळा हा फळा आहे एवढंसुद्धा कळत नसणार, इतके दिवस ही शाळेत करत काय होती?

"ऐकत होते," मनू म्हणाली. मग जरा विचार करून तिनं सांगितलं, "मला वाटायचं, फळ्यावरचं कुणालाच दिसत नसतं. बाई आपल्या लिहितात, आणि ज्या मुली हुशार असतात त्यांना ते कळतं."

चष्मा तयार होईपर्यंत आम्ही पलूसलाच राहिलो. भिंगं चांगली जाड होती, बरणीच्या बुडासारखी. मामांनी पत्रा गोठ्यातून आणून पुसला, टांगला, छडी हातात घेतली. मनू चष्मा लावून रेघेवर उभी राहिली. पण ती अक्षरं वाचेचना. नुसती वरच्या कोपऱ्यात बघत राहिली. मामांचा जीव वर-खाली व्हायला लागला. "काय झालं गं? दिसंना व्हय?"

"आजोबा," मनू म्हणाली, "ह्या पोपटाला एकच पाय आहे."

आम्ही सगळे उठून पत्र्यापाशी गेलो. खरंच एकच पाय होता. मामा चहाहून येतायत असं बघून बाळूनं दुसरा घाईत राहू दिला असणार. शेकडो माणसं तो तक्ता वाचून गेली, मामा तर रात्रंदिवस त्याच्या शेजारी; पण पोपट नीट बघितला तो आमच्या मनूनं. मामा इतके हसले की त्यांना फरशीवर बसावं लागलं. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिले. कुणी ते लक्षण म्हणून धरलं नाही.

मनू त्या वर्षी पाचवीत गेली. पहिलीबिहिली आली नाही, तसल्या गोष्टी आमच्या घराण्यात होत नाहीत. पण अडतीसचे अडतीस राहू लागले आणि कृष्णा नदी आपल्या जागी आली. फक्त चष्म्याचं तिला वाईट वाटे. वर्गातल्या मुली चिडवत, आणि आमच्याकडं येणारी प्रत्येक बाई हळहळून जाई. मामांनी यावर आपला एक इलाज काढला. कुणी चष्म्याचा विषय काढला की ते मनूकडं टक लावून बघत आणि म्हणत, "चष्मा? पोरीनं चष्मा लावलाय ह्ये कळतसुदीक न्हाई. काचा किती पातळ हायत." ते इतक्या गंभीरपणे म्हणत, की समोरचा माणूस आपलेच डोळे चोळू लागे. मनूला ते खोटं आहे हे ठाऊक होतं, पण ते ऐकायला ती पलूसला जायची वाट बघे.

आणि मामांची पद्धत बदलली. अक्षरांवरचा त्यांचा विश्वास उडाला. आता ते पत्रा सायकलला बांधून आसपासच्या शाळांतून हिंडू लागले. हेडमास्तरांची परवानगी ते वर्गात शिरल्यानंतर घेत. शेवटच्या बाकावरच्या पोरांना एकेक करून उभं करत आणि विचारत, "अक्षरं ऱ्हाऊ द्या. पोपटाला पाय किती?" थोड्याच दिवसांत तालुक्यातल्या सगळ्या पोरांना उत्तर पाठ झालं. मग मामा पत्रा घेऊन बाळूकडं गेले आणि दुसरा पाय काढून आणला. तेही फुटलं. मग तिसरा काढला. शेवटी असं ठरलं, की बाळूनं मनाला येईल तेव्हा पाय बदलायचे आणि ते मामांशिवाय कुणाला सांगायचं नाही. ट्रॉल्या सोडून बाळू त्या पोपटाच्या मागं लागला. मधे काही दिवस त्याला चार पाय होते आणि एका मास्तरांनी, मुलांचं प्राणिशास्त्र बिघडतंय, अशी तक्रारही केली. पण बरीच पोरं पुढच्या बाकावर आली, काहींना चष्मे लागले. एक पोरगं, ज्याला त्याच्या बापानं शाळेतून काढून शेरडांमागं धाडायचं ठरवलं होतं, ते राहिलं शाळेत. मामा त्या बापाच्या दारात जाऊन बसले होते. फौजेतल्या त्या माघारी गेलेल्या पोरांबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

मनू बारावीला होती तेव्हाची गोष्ट. मामा आता थकले होते, आणि त्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या. विजेचा दाब कमी झालाय. वर्तमानपत्रवाले शाईत पाणी घालायला लागलेत. बाळूचा रंग पहिल्यासारखा राहिला नाही. सगळे म्हणत, म्हातारा चिडखोर झाला. मनू ऐकून घेई आणि चष्म्याआडून त्यांच्याकडं बघत राही. सुट्टीत ती म्हणाली, माझा नंबर तपासायला मिरजेला जायचंय, आजोबा, तुम्ही चला सोबतीला. सोबतीला म्हटल्यावर ते निघाले, मीही गेलो. तिथं तिनं डॉक्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि स्वतःच्या आधी मामांनाच खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी समोरच्या भिंतीवर दिव्याचा तक्ता लावला आणि आजोबा, वाचा, असं म्हणाले.

मामा ताठ बसले. छाती पुढं काढली. "ग," म्हणाले. "म ट. र ल क." डॉक्टरांनी मान वळवून आपला तक्ता बघितला. त्यावर सगळी इंग्रजी अक्षरं होती. मामा थांबले नाहीत. "ब ध न स. पेंटर बाळू, पलूस."

खोलीत कुणी हसलं नाही. मनूनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, पोपट कुठाय?"

मामांनी डोळे बारीक केले. मग हळू आवाजात म्हणाले, "उडाला आसंल."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, हा काल-परवाचा नाही, वर्षानुवर्षं धरत आलेला आहे. मनू ऑपरेशनच्या वेळी त्यांच्यापाशीच थांबली, डोळ्यांत थेंब घालत होती, आणि मामी काही घरगुती औषध घेऊन आल्या तर ओला फडका दाखवून त्यांना बाहेर घालवत होती. पट्टी काढली तेव्हा त्यांच्यासमोर तीच बसलेली होती. मामांनी पापण्यांची उघडझाप केली. तिच्याकडं नीट बघितलं, चेहरा, केस, सगळंच बघितलं असावं. मग त्यांचा आवाज एकदम पडला.

"मने, तुझा चष्मा लय जाड हाय गं."

मनू हसली. मला मात्र हसू आलं नाही. काचा पातळ आहेत, दिसतसुद्धा नाहीत, असं ते सांगत आले, त्यातली किती वर्षं ते पोरीसाठी खोटं बोलत होते आणि कुठल्या वर्षापासून त्यांना खरंच दिसत नव्हतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मला वाटतं, त्यांनाही येत नसावं.

आम्ही त्यांना पलूसला पोचवायला गेलो. डोळ्यांवर काळा गॉगल, उसाच्या फडात घालायचे तसाच. सोप्यात बघायला आलेल्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक मनूकडं बघून तोंडानं चुकचुकली, की पोरगी एवढी गुणाची, पण एवढा जाड चष्मा म्हणजे वाईटच की. मामांनी गॉगल काढला. नव्या, ओल्या डोळ्यांनी मनूकडं टक लावून बघितलं. तिच्या भिंगांत सोप्याचं दार, पत्रा आणि पोपट, सगळं बारीक बारीक होऊन दिसत होतं.

"चष्मा?" मामा म्हणाले. "कुठं हाय चष्मा? मला तर काय दिसंना."